जिंकलो, पण खेळलो कसे?

(द्वितीय वर्ष कला)

धुळ्याहून निघालेली आमची एस.टी. पारोळ्याला थांबली तेव्हा दिवस मावळला होता. गाडीतले निम्मे प्रवासी आमच्याच महाविद्यालयाचे. घोषणा देऊन सगळ्यांचे घसे बसलेले. तरी चहाच्या टपरीवर उतरताच त्या एका गोलाची कथा चौथ्यांदा सुरू झाली. आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धेत आम्ही धुळ्याच्या संघाला त्यांच्याच मैदानावर १-० असे हरविले होते. गेली दोन वर्षे आम्ही त्यांच्याकडून हरत आलो होतो. तेव्हा आनंद होणारच, आणि तो मलाही झाला होता.

चहा पिता पिता सामन्याचे मूल्यमापनही पार पडले. त्याला पाच मिनिटेसुद्धा लागली नाहीत. सेंटर फॉरवर्डने एकट्याने सामना काढला, हा पहिला निर्णय. गोलरक्षकाचे नशीब जोरावर होते, हा दुसरा. आणि तिसरा निर्णय एकमुखाने झाला : डावा बॅक अगदीच कच्चा आहे, धुळेकरांनी सगळी चढाई त्याच्याच बाजूने केली, पुढच्या सामन्यात त्याला बसवावे.

तो डावा बॅक टपरीच्या कोपऱ्यात उभा होता. हातातला चहा तसाच होता. त्याचे नाव मी येथे देत नाही, त्याला ते आवडणार नाही. एवढेच सांगतो की तो पहाटे बाजार समितीत भाजीपाल्याची पोती उतरवितो आणि मग वर्गावर येतो. त्या रात्री गाडीत त्याने मला हळूच सांगितले की बूट आता परत करून टाकावेत असे म्हणतो.

माझ्या खिशात एक वही होती. मी म्हटले, "थांब, आधी हिशेब तर पाहू." पुढच्या बाकावरचा एक मित्र मागे वळून हसला, "जिकनूत ना भो! मंग आते कसाना हिसाब?"

जिंकल्यावर हिशेब कशाला, या त्याच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून हा लेख लिहिला आहे.

वहीची सवय

मी स्वतः खेळाडू नाही. आमच्या गावात फुटबॉल नव्हताच. कबड्डी होती, पोळ्यानंतर कुस्त्या होत, आणि मुलांना विटीदांडू. महाविद्यालयात आल्यावर मी पहिल्यांदा फुटबॉलचा सामना पूर्ण पाहिला. पण मोजणीची सवय मला जुनी आहे. घरात शिकलेला मीच पहिला. त्यामुळे दहा-अकरा वर्षांचा असल्यापासून कापूस वेचणीची वही माझ्याकडे आली. वेचणीची मजुरी किलोवर असते. संध्याकाळी काट्यावर प्रत्येक बाईचे गाठोडे चढायचे आणि मी नावापुढे आकडा लिहायचा.

त्या वहीने मला एक गोष्ट शिकविली. दिवसभर शेतात जिचा आवाज मोठा, जी पुढच्या ओळीत दिसते, ती सर्वांत जास्त वेचते असे मुकादमाला वाटे. काट्यावर मात्र पुष्कळदा मागच्या ओळीत गप्प वेचणारी एखादी म्हातारी पुढे निघे. मुकादम लबाड होता असे नाही. पण त्याचे डोळे जिकडे आवाज असेल तिकडे जात होते.

मैदानावरही आपले डोळे असेच जातात. चेंडू जिकडे असेल तिकडे आपण पाहतो, आणि गोल झाला की मागचे सारे विसरतो. म्हणून आमच्या क्रीडाविभागाच्या सरांनी विचारले तेव्हा मी राखीव खेळाडूंच्या बाकाशेजारी वही घेऊन बसू लागलो.

शेजाऱ्याशी स्पर्धा

जळगाव आणि धुळे यांची चुरस परक्यांची नव्हे. एकाच खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये दोन भाग झाले. जळगावकडचा पूर्व खानदेश आणि धुळ्याकडचा पश्चिम खानदेश. पुढे धुळ्यातून १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा झाला. १९९० पूर्वी ही सारी महाविद्यालये पुणे विद्यापीठात होती. त्या वर्षी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव लागले. म्हणजे आमचे विद्यापीठ एक, भाषा एक, कपाशी आणि ऊनही एकच. अर्ध्या मुलांचे मामा किंवा आत्या पलीकडच्या जिल्ह्यात.

अशा भाऊबंदकीतल्या विजयाचा कैफ वेगळाच असतो, आणि धोकाही तेथेच आहे. परक्या संघाला हरविले तर आपण निदान "बरे खेळलो का?" असे विचारतो. शेजाऱ्याला हरविले की तो प्रश्नच संपतो. पराभवानंतर चुका शोधायला दहा जण पुढे येतात. विजयानंतर चुका दाखविणारा मात्र फितूर ठरतो.

एका गोलाचा खेळ

फुटबॉलमध्ये निकाल आणि खेळ यांत अंतर का पडते, हे समजून घेण्यासाठी आपल्या कबड्डीकडे पाहावे. कबड्डीत एकेक संघ तीस-चाळीस गुण सहज मिळवितो. एखादी चढाई फसली, एखादा गुण पंचांच्या चुकीने गेला, तरी पुढे भरून काढायला वाव असतो. लोण चढले तरी दोनच गुण जास्तीचे जातात. त्यामुळे सामना संपेपर्यंत सरस संघ बहुधा वर येतोच.

फुटबॉलमध्ये साऱ्या सामन्यात एक, दोन किंवा तीन गोल होतात. नाणे तीस वेळा उडविले तर तिसाही वेळा छापा पडणार नाही. तीनदा उडविले तर तिन्ही वेळा छापा पडण्याची शक्यता आठात एक आहे. घटना जितक्या थोड्या, तितका योगायोगाचा हात मोठा. म्हणून फुटबॉलमध्ये कमी प्रतीचा संघ जिंकण्याचे प्रसंग इतर पुष्कळ खेळांपेक्षा अधिक येतात. या खेळाची गोडीही त्यातच आहे. पण त्याच कारणाने एका निकालावरून संघाची पारख करणे कठीण होते.

याचे मोठे उदाहरण १९५४ च्या विश्वचषकाचे आहे. त्या वेळी हंगेरीचा संघ चार वर्षे अपराजित होता. स्वित्झर्लंडमधील त्या स्पर्धेत २० जूनला गटातील सामन्यात हंगेरीने पश्चिम जर्मनीला ८-३ असे धुऊन काढले. ज्याने तो निकालच तेवढा वाचला असेल त्याला वाटले असेल की पुन्हा गाठ पडली तर काय होणार हे ठरलेलेच आहे. पण त्या दिवशी जर्मन प्रशिक्षक हेरबेर्गर यांनी आपले कित्येक मुख्य खेळाडू बाहेर ठेवले होते आणि हंगेरीचा कर्णधार पुश्काश याला त्याच सामन्यात दुखापत झाली होती. हे दोन तपशील ८-३ या आकड्यात कोठेच दिसत नाहीत. दोनच आठवड्यांनी, ४ जुलैला, बर्न येथे अंतिम सामन्यात हंगेरीने सुरुवातीलाच दोन गोल केले आणि तरीही पश्चिम जर्मनी ३-२ अशी जिंकली.

मोजायचे कसे?

मग नुसते मोजून भागेल का? तेही नाही.

इंग्लंडमध्ये चार्ल्स रीप नावाचे एक गृहस्थ होते. हवाई दलात हिशेबनीस. मार्च १९५० मध्ये स्विंडन गावच्या एका सामन्यात त्यांनी प्रत्येक चढाईची नोंद करायला सुरुवात केली आणि पुढे अनेक वर्षे शेकडो सामने टिपले. त्यांना आढळले की बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पास झालेल्या चढायांतून होतात. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की पास थोडे करावेत आणि चेंडू लवकर व लांब पुढे मारावा.

यात चूक कोठे आहे? मुळात फुटबॉलमधील बहुसंख्य चढायाच तीन पासांच्या आत तुटतात. ज्या प्रकारच्या चढाया सर्वांत जास्त, त्यांतून गोलही जास्त येणारच. आपल्या जिल्ह्यातील शंभर उत्तीर्ण विद्यार्थ्यांपैकी सत्तर खेड्यांतले निघाले, म्हणून खेड्यातच अभ्यास चांगला होतो असे कोणी म्हणेल का? आधी विचारावे लागेल की परीक्षेला खेड्यातले किती बसले होते. रीप यांनी मोजले कसून, पण कशाच्या प्रमाणात मोजायचे ते चुकले.

अलीकडे फुटबॉलचे अभ्यासक आणखी एक युक्ती वापरतात. तिला 'अपेक्षित गोल' म्हणता येईल. प्रत्येक फटक्याला त्याच्या जागेप्रमाणे किंमत द्यायची. पेनल्टीच्या शंभर फटक्यांतून साधारण पंचाहत्तर गोल होतात, तेव्हा एका पेनल्टीची किंमत सुमारे पाऊण गोल. सगळे फटके मिळून पाहिले तर साधारण दहा फटक्यांमागे एक गोल होतो. गोलाजवळच्या फटक्याची किंमत त्याहून जास्त, दुरून मारलेल्याची फारच कमी. साऱ्या फटक्यांच्या किमतींची बेरीज केली की संघाने गोल किती केले यापेक्षा किती गोलांच्या योग्यतेचा खेळ केला हे कळते.

नुसते फटके मोजणारा कसा फसतो, हे २०१४ च्या विश्वचषकात साऱ्या जगाने पाहिले. उपांत्य सामन्यात ब्राझीलने १८ फटके मारले, जर्मनीने १४. निकाल होता जर्मनी ७, ब्राझील १. किती मारले याच्या जोडीला कोठून, केव्हा आणि कोणत्या स्थितीत मारले, हेही लिहावे लागते.

वहीतला सामना

आता आमच्या सामन्याकडे येऊ. आमचे सामने पस्तीस-पस्तीस मिनिटांच्या दोन सत्रांचे असतात. वहीत अशी नोंद निघाली :

धुळ्याच्या संघाचे आमच्या गोलाकडे फटके १५. त्यांपैकी नेमके ७, ते सातही आमच्या गोलरक्षकाने अडविले. एक खांबाला लागला. उरलेले ७ बाहेर गेले.

आमचे फटके ६. त्यांतला एक गोल. तो ५१ व्या मिनिटाला कॉर्नरवरून आला. चेंडू आमच्या सेंटर फॉरवर्डच्या डोक्यावरून निघाला आणि त्यांच्याच एका बॅकच्या गुडघ्याला लागून आत गेला.

दहा फटक्यांमागे एक गोल हा ढोबळ हिशेब लावला तर धुळ्याचे दीड गोल व्हायला हवे होते आणि आमचा अर्ध्याहून किंचित अधिक. म्हणजे हा सामना दहा वेळा खेळला असता तर आम्ही बहुतेक वेळा जिंकलो नसतो. "गोलरक्षकाचे नशीब" असे टपरीवर म्हटले गेले. पण सात फटके अडविणे याला नशीब म्हणणे अन्यायाचे आहे. खांबाला लागलेला एक फटका तेवढा नशिबाच्या खात्यात जाईल.

येथे आमच्या संघाच्या बाजूने एक गोष्ट नोंदविली पाहिजे. धुळ्याच्या १५ फटक्यांपैकी ६ शेवटच्या एकोणीस मिनिटांतले, म्हणजे आमचा गोल झाल्यानंतरचे आहेत. पुढे असलेला संघ साहजिकच मागे सरतो आणि मागे असलेला सारे पणाला लावून चाल करतो. त्या सहांपैकी चार दुरून मारलेले होते. तेव्हा आकडा दिसतो तितका वाईट नाही. आकडा लिहिताना घड्याळ आणि त्या वेळचा गुणफलकही लिहिला नाही, तर वहीसुद्धा खोटे बोलते.

आता डाव्या बॅकविषयी. धुळ्याच्या चढाया आमच्या गोलाजवळ पोचल्या त्यांची मी बाजूवार नोंद केली होती. पहिल्या सत्रात अशा २० चढाया झाल्या : आमच्या डाव्या बाजूने ११, उजवीकडून ४, मधून ५. एवढ्यावर टपरीचा निर्णय बरोबर वाटतो. सगळी चढाई त्याच्याच बाजूने झाली, हे खरे.

पण प्रत्येक चढाईपुढे मी आणखी एक खूण केली होती : त्या वेळी आमचा डावा विंगर मदतीला मागे आला होता की नाही, आणि समोर किती होते. त्या ११ पैकी ८ वेळा आमचा विंगर पुढेच राहिला होता आणि डावा बॅक एकटा दोघांसमोर उभा होता. त्या आठांपैकी ३ त्याने तरीही तोडल्या. उरलेल्या तीन वेळा समोर एकच गडी होता. त्यांतल्या २ त्याने जिंकल्या.

मध्यंतरात सरांनी विंगरला मागे यायला सांगितले. दुसऱ्या सत्रात धुळ्याच्या १५ चढाया आमच्या गोलाजवळ आल्या. त्यांपैकी डावीकडून फक्त ४, आणि त्यांतल्या ३ तुटल्या. बॅक तोच, त्याचे पाय तेच, पहाटे पोती वाहून आलेले. बदलले होते ते त्याच्या पुढचे मोकळे रान. चार हा आकडा लहान आहे आणि लहान आकड्यावर फार भर देऊ नये, हे मीच वर लिहिले आहे. तरी 'कच्चा बॅक' हा निष्कर्ष या वहीतून निघत नाही, एवढे निश्चित.

प्रेक्षकांना विंगर दिसत नव्हता, कारण चेंडू तेथे नव्हता. मोकळी सोडलेली जागा कोणाच्याच डोळ्यांत भरत नाही. त्या जागेत शेवटी धावून पडणारा माणूस मात्र सगळ्यांना दिसतो, आणि दोषही त्याच्याच माथी येतो. असे मैदानाबाहेरही घडते, पण तो विषय वेगळा आहे.

पराभवाचा अभ्यास

हिशेबाचा उपयोग काय, असे अजूनही कोणी विचारील. भारतीय फुटबॉलच्या इतिहासातील एक प्रसंग सांगतो. १९६२ च्या जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत भारत आपला पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ असा हरला. पुढे थायलंडविरुद्धच्या सामन्यात बचावपटू जर्नैलसिंग याच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला बाहेर न बसविता बचावातून काढून आघाडीला खेळविले. उपांत्य सामन्यात त्याने गोल केला. ४ सप्टेंबरला अंतिम फेरीत समोर पुन्हा तोच दक्षिण कोरिया आला. मैदानावरचे प्रेक्षक भारताच्या विरोधात होते. पी. के. बॅनर्जी आणि जर्नैलसिंग यांच्या गोलांनी भारत २-१ असा जिंकला आणि सुवर्णपदक मिळाले.

पहिल्या ०-२ वरून "हा संघ कच्चा" असे ठरवून रहीमसाहेब मोकळे झाले नाहीत. कोण कोठे उपयोगी पडेल हा प्रश्न त्यांनी उघडा ठेवला. संघ निवडणाऱ्याचे खरे काम हेच. आणि मूल्यमापन करणाऱ्या प्रेक्षकाने निदान तो प्रश्न बंद करू नये, एवढी अपेक्षा गैर नाही.

कोल्हापूरचा प्रेक्षक

प्रेक्षक अडाणी असतो असे माझे म्हणणे नाही. महाराष्ट्रात फुटबॉल खऱ्या अर्थाने लोकांचा खेळ झाला तो कोल्हापुरात. तेथील संघ तालमींचे आणि पेठांचे आहेत : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांची चुरस शाहू स्टेडियमवर उतरते तेव्हा सामान्य महाविद्यालयीन सामन्याला स्वप्नातही मिळणार नाही एवढी गर्दी लोटते. ज्या तालमीत आजोबांनी शड्डू ठोकला त्याच तालमीचा झेंडा घेऊन नातू फुटबॉलला जातो. याच शहरातील अनिकेत जाधव हा २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला.

एवढ्या प्रेमाची दुसरी बाजूही वृत्तपत्रांत वाचायला मिळते. समर्थकांची हुल्लडबाजी, मारामाऱ्या. पण वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत कोल्हापूरकडचा एक मित्र राहतो, त्याच्याकडून मला वेगळीच गोष्ट कळली. त्याच्या घरी जिंकलेल्या सामन्याचीसुद्धा रात्री चिरफाड होते. त्याचे काका कोणत्या हाफने कोणाला मोकळे सोडले ते जेवताना ताटावर भाकरीचे तुकडे मांडून दाखवितात. आपल्या तालमीवर त्यांचा जीव आहे, म्हणूनच त्यांना एवढे दिसते. आमच्याकडे फुटबॉल नवा आहे. आम्ही अजून निकालाचे प्रेक्षक आहोत. खेळाचे प्रेक्षक व्हायला वेळ लागेल.

पुढे काय झाले

दुसऱ्या दिवशी मी वही सरांना दाखविली. सरांनी विंगरला आणि डाव्या बॅकला एकत्र बसवून ती वाचायला लावली. विंगर थोडा रागावला, मग म्हणाला, "मला कोणी सांगितलेच नव्हते." तेही खरेच होते. त्यानंतर आठवडाभर दोघांनी मागे येण्याचा आणि जागा झाकण्याचा सराव बरोबर केला. बूट परत करण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

उपांत्य सामना आम्ही १-२ असा हरलो. परतीच्या गाडीत कोणी घोषणा दिल्या नाहीत. टपरीवरचे निर्णय यावेळी नेमके उलटे झाले : संघात दम नाही, धुळ्याला जिंकलो ते उगाच. वहीत मात्र आमचे फटके ११ होते आणि समोरच्यांचे ९. डावीकडून आलेल्या सात चढायांपैकी पाच तुटल्या होत्या. त्यांचा दुसरा गोल पेनल्टीवर झाला. धुळ्याच्या विजयापेक्षा हा पराभव आम्ही अधिक चांगला खेळलो होतो. हे मी गाडीत मोठ्याने सांगितले नाही. पराभवाच्या रात्री असे बोलणारा सबबी सांगतो असे वाटते, आणि विजयाच्या रात्री बोलणारा विघ्नसंतोषी. मग बोलायचे केव्हा? म्हणून वार्षिकांकात लिहितो आहे.

भाव आणि उतारा

दिवाळीत घरी गेलो तेव्हा आबांना हे सारे सांगितले. आबांनी फुटबॉल पाहिलेला नाही. ते निमबटाईने दुसऱ्याची जमीन करतात. पण त्यांना मुद्दा समजायला क्षणही लागला नाही. म्हणाले, "भाव बरा भेटना म्हनीसनी पीक बरं उनं आसं नही."

याहून नेमके मला सांगता आले नसते. एखाद्या वर्षी कपाशीला भाव चढतो आणि घरात चार पैसे जास्त येतात. त्या आनंदात एकरी उतारा दोन क्विंटलने घटला हे ज्याच्या लक्षात येत नाही, तो पुढच्या वर्षी भाव पडला की बुडतो. भाव आपल्या हातात नसतो. बियाणे, निंदणी, पाणी, खत एवढेच हातात असते. निकाल हा भाव आहे. खेळ हा उतारा आहे. शेतकरी दोन्हींची नोंद वेगवेगळी ठेवतो.

आम्हा विद्यार्थ्यांनाही हे लागू आहे. पस्तीस गुण मिळाले की उत्तीर्ण, आणि घरात पेढे. माझ्यासारख्या, घरात पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलाला त्या पेढ्यांचे मोल किती, हे सांगायला नको. तरी कोणते प्रश्न येत होते म्हणून सुटले आणि कोणते ऐनवेळी पाठ केलेले निघाले म्हणून सुटले, हे ज्याचे त्याने स्वतःशी पाहायला नको का?

शेवटी एक विनंती. एका माणसाला चेंडू पाहून चेंडूबाहेरचे टिपता येत नाही. धुळ्याच्या सामन्यात उजव्या बाजूच्या माझ्या नोंदी अपुऱ्या आहेत, हे मला मान्य आहे. कदाचित तिकडच्याही एखाद्या खेळाडूवर त्यामुळे अन्याय झाला असेल. पुढच्या मोसमात दुसरी वही धरणारा एक सोबती हवा आहे. फुटबॉल येत नसला तरी चालेल. घोषणाही अवश्य द्याव्यात. फक्त पेन्सिल दुसऱ्या हातात असावी. ज्यांना यायचे असेल त्यांनी जूनमध्ये जिमखान्यात येऊन मला भेटावे.